दहा वाजताचा मेसेज

शनिवारी सकाळी सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकखाली, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये बाबा फुंकर मारत कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत होते आणि मी त्यांना पुन्हा तेच ऐकवत होते.

"बाबा, तुमच्या प्रोग्रामचं फ्रेमवर्क म्हातारं झालंय. महिनाअखेरीला क्लाउड ते चालवणं बंद करणार. नवी व्हर्जन घ्या."

"म्हातारा तर मीही झालोय. मला कधी बदलतेस?"

"तुमची नवी व्हर्जन निघत नाही ना."

ते खोकला येईपर्यंत हसले. रविवारी दुपारी ते झोपेतच गेले.

निवृत्तीनंतर त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. मुलांकडे राहायला आलेल्या, दिवसभर फ्लॅटमध्ये एकट्या असणाऱ्या आपल्या अकरा वडीलधाऱ्यांना तो रोज सकाळी मेसेज करतो: 'जयभीम. बरं आहे ना?' तासाभरात उत्तर नाही आलं, तर शेजाऱ्यांना कळवतो. तो बंद पडला तर त्या अकरा जणांची चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे नागपूरला परतले. महिना संपायला दोन दिवस उरले होते. मी रजा टाकून बसले.

नवी व्हर्जन लावताच कॉम्प्युटरचा पडदा लाल झाला. जुनी ज्या चुकांकडे कानाडोळा करायची, त्यांवर ही अडून बसली. एकेक निस्तरत गेले. मग दिसलं: सगळ्यांना मेसेज साडेसातला, एकट्या सविताकाकूंना दहाला. साडेसात ही भारतातली वेळ धरून बसले असणार. बाबांचा नेहमीचा गबाळेपणा! मी ती ओळ उडवली आणि प्रोग्राम नीट चालतोय का ते तपासणाऱ्या चाचण्या चालवल्या.

एक नापास झाली. खाली बाबांनी मराठीत लिहून ठेवलं होतं: 'सविताताईंचं घड्याळ नागपूरच्या वेळेवर असतं. हात लावू नये.'

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसला काकूंना फोन लावला. "काकू, किती वाजले?"

"पावणेतीन. का गं?"

माझ्या घड्याळात सव्वापाच वाजले होते.

"तुम्हाला मेसेज साडेसातला पाठवला तर?"

"इथले साडेसात? म्हणजे माझे पाच! नको बाई. पहिल्या दिवशी मी झोपलेली, आणि शेजारच्या चिनी बाईने दार बडवून बडवून अख्खा मजला उठवला. तुझ्या बाबांना विचार..." त्या थांबल्या. "सवयीने बोलले गं."

"असू दे, काकू."

मी ओळ परत घातली. प्रत्येक कामासाठी बाबांनी चाचणी लिहिली होती, एकही सोडली नव्हती. सगळ्या पास झाल्या. मी नवी व्हर्जन क्लाउडवर चढवली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला दहा मेसेज गेले. आठच्या आत दहा उत्तरं आली. मी चहा न घेता दहापर्यंत तशीच बसून राहिले. दहा वाजून चार मिनिटांनी काकूंचं आलं: 'जयभीम. बरी आहे. पोहे करतेय.'

मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या, एकटीनेच.

आठ वर्षं मी या धंद्यात आहे. इतकी वर्षं त्यांना शिकवत आले, आणि त्यांचा कोड उघडला तो काल.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "तुम्ही माझ्यापेक्षा चांगले इंजिनियर होता."