कुलपातला आवाज

एबेलचा आवाज मंगळवारी गेला. घशातला तर आजाराने केव्हाच नेला होता. हा गेला तो यंत्रातला. जीभ जड व्हायच्या आधी त्याने तासन्‌तास बोलून आपला आवाज त्यात भरून ठेवला होता. डोळ्यांनी अक्षरं निवडली, की यंत्र त्याच्याच आवाजात बोलायचं, बॉस्टनकरांसारखं 'र' गिळत. त्या सकाळी यंत्र बनवणाऱ्या कंपनीने दुरूनच त्यात काहीतरी नवं घातलं आणि यंत्र कुणा परक्या, गुळगुळीत गड्याच्या आवाजात म्हणालं, "हेस्टर, कॉफी."

त्याच्या बायकोच्या, हेस्टरच्या, अंगावर काटा आला. तिने फोन केला. कंपनी म्हणाली, जुन्या यंत्रांवर स्वतःच्या आवाजाची सोय आता बंद.

आणि कहर म्हणजे, तो बोलणारा प्रोग्राम मुळात हेस्टरनेच लिहिलेला! तिने आणि तिच्या जुन्या सहकाऱ्याने, वॉल्टरने, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या एका तळघरात. कंपनीने तो उचलला, आपला कोडही सगळ्यांना वाचायला ठेवला. काढलेली सोय हेस्टरने दुपारपर्यंत त्या कोडमध्ये परत बसवली. पण यंत्र ती घेईल तर शपथ! कंपनीची डिजिटल सही नसलेलं काही ते चालवतच नाही. एबेलचा आवाज त्याच्याच पोटात कुलूपबंद.

संध्याकाळी वॉल्टर आला, खटपट करून थकला.

"नाही गं जमत."

"मग म्हण ना एकदाचं, सांगितलं होतं म्हणून!"

सांगितलं होतंच. प्रोग्राम द्या, पण अट घाला, ज्याच्या हाती यंत्र जाईल त्याला तो बदलून चालवता आला पाहिजे, असा त्याचा हट्ट. हेस्टर वैतागायची. "पुरे तुझं स्वातंत्र्याचं प्रवचन. अटी पाहून कंपन्या पळतील. कोड उघडा आहे ना, झालं तर!" आणि प्रोग्राम बिनशर्तच दिला गेला.

"अट घातली असती तर कदाचित हे यंत्र झालंच नसतं," वॉल्टर हळूच म्हणाला.

"सगळं वाचता येतंय रे मला," हेस्टरला हुंदका आवरेना. "ओळ न् ओळ. आणि काही म्हणजे काही करता येत नाही."

पुढच्या आठवड्यात एबेलची धाप वाढली. त्याने डोळ्यांनीच यंत्राचा आवाज बंद केला आणि पडद्यावर लिहिलं, 'हा माणूस नको. तू वाच.'

हेस्टर खुर्ची ओढून जवळ बसली. अक्षरं सावकाश उमटत गेली.

"हेस्टर," तिने मोठ्याने वाचलं, स्वतःच्याच आवाजात, "तुझ्याबरोबर फार सुखात गेलं सगळं. रडू नकोस."