मीठ शेवटी

आमच्या बेकरीत भट्टी पेटवण्याआधी सगळ्यांनी तिच्यासमोर उभं राहून प्रार्थना म्हणायची, असा मालकाचा नियम आहे. मोठ्यानं नाही, ज्याची त्यानं. पण ओठ हलले पाहिजेत. मालक स्वतः डोळे मिटत नाही. तो आमचे ओठ बघत फिरतो. देवानं त्याला मुकादम म्हणून नेमलंय असंच वाटावं.

माझा देवावर विश्वास नाही. का नाही, याची काही मोठी कहाणी नाही. लहानपणी सगळ्यांबरोबर डोळे मिटायचो तेव्हाही आत कुणी नसायचं, आजही नसतं. 'देव जाणे' मात्र माझ्याही तोंडून जातं; जिभेच्या सवयीचं काय घेऊन बसलात. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही आणि बायकोला तर नाहीच, कारण ती मनापासून प्रार्थना करते आणि तेव्हाचा तिचा चेहरा बघून मला तिचा हेवा वाटतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प राहिलो.

पण ओठ तर हलवायला हवेत. मग मी पावाची कृतीच म्हणायचो. 'मैदा चाळ. पाणी कोमट. खमीर जागं होऊ दे. मळ, झाक, वाट बघ. मीठ शेवटी.' घरी जेवायला बसल्यावरही तेच. मालकाला कधी संशय आला नाही. उलट नव्या कामगारांना तो माझं उदाहरण द्यायचा, बघा कसा तल्लीन होतो म्हणून.

ही चोरी पकडली एकाच माणसानं. बेकरीसमोर भूमितीचे मास्तर राहायचे. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते समोरच्याचे ओठ वाचायचे. एकदा पाव घ्यायला लवकर आले आणि काचेपलीकडून आमची प्रार्थना बघत उभे राहिले. पाव हातात घेताना त्यांनी हळूच विचारलं, "मीठ शेवटी का हो?"

माझी पाचावर धारण बसली. मग बघितलं तर ते हसत होते. आधी घातलं तर खमीर हिरमुसतं, असं काहीतरी मी बोललो आणि मलाही हसू फुटलं. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण सकाळी काचेपलीकडे ते येऊन उभे राहायचे आणि तेवढा वेळ मला एकटं वाटायचं नाही.

पुढे शाळेत सगळ्या शिक्षकांना देवाच्या नावानं शपथ घ्यायला सांगितलं. मास्तर म्हणाले, इमानानं शिकवीन, पण ज्याला मानत नाही त्याची शपथ कशी घेऊ? दुसऱ्या दिवशी भर दुपारी रस्त्यात त्यांना मारलं. मारणाऱ्यांत आमचाच पाव खाणारी माणसं होती. माझ्या बायकोचा मोठा भाऊ होता. चष्मा फुटल्यावर मास्तरांना कोण काय ओरडतंय तेही कळेना. मी पिठाच्या हातांनी धावलो, त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तिथंच ते गेले. पडून मार लागला, असं पोलिसांनी ठरवून टाकलं.

मी उचलायला का गेलो, हा प्रश्न मेहुण्याच्या मनात राहिला. म्हणून तो आमच्याकडे जेवायला आला. पाव मोडण्याआधी त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मुलीला म्हणाला की आज प्रार्थना तू म्हण, बाबा म्हणतात तशी, सगळ्यांना ऐकू येईल अशी.

पोरीनं डोळे मिटले, हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मैदा चाळ. पाणी कोमट. खमीर जागं होऊ दे. मळ, झाक, वाट बघ. मीठ शेवटी."

माझ्या मांडीवर बसून, माझ्या तोंडाजवळ कान नेऊन ती हेच शिकली होती. तिला वाटायचं, प्रार्थना म्हणतात ती हीच. मला मास्तरांचा फुटका चष्मा आठवला.

"हे कुणी शिकवलं?" मेहुण्यानं विचारलं.

पोर माझ्याकडे बोट दाखवणार एवढ्यात बायको हसली. इतकं खोटं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "मीच शिकवलं, दादा. माझ्याबरोबर कणीक मळायला बसते ना, तेच डोक्यात. तिला आता खेळ कुठला नि प्रार्थना कुठली, एवढं कुठलं कळायला?"

मेहुणाही हसला, पण उशिरा. येत्या प्रार्थनासभेला भाची सगळ्यांपुढे प्रार्थना म्हणेल, आणि भावोजींनी स्वतः तिला शिकवावी, असं सांगून तो गेला.

बायको माझ्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली. मग तिनं विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, पहिल्यापासूनच. तिचे हात थांबले. "इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी बसून म्हणत होते. मला वाटायचं, आपण दोघं म्हणतोय." माझं एकटेपण मला ठाऊक होतं. तिलाही मी त्यात बसवून ठेवलंय, हे ध्यानात आलं नव्हतं.

मग मी मुलीला खरी प्रार्थना शिकवली. एकेक शब्द, हात कसे जोडायचे, मान कुठं झुकवायची. जुनी चुकीची होती का, असं तिनं विचारलं. हो म्हणालो. आयुष्यात एवढा जड शब्द मी उचललेला नाही, आणि मी मैद्याची पोती उचलतो.

सभेत ती न अडखळता म्हणाली. मामानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, माणसांनी माना डोलावल्या. आम्ही वाचलो. खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. माझ्यासारखं म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, तेही मी हातानं घालवलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पोर, दोघंच खायला बसलो. सवयीनं माझे ओठ हलायला लागले. पोरीनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि आधी दाराकडे, मग खिडकीकडे बघितलं.

"बाबा, ओठ मिटून म्हणायचं," ती कुजबुजली. "मी तसंच म्हणते. कालही म्हटलं, सगळं म्हणून झाल्यावर."

मग तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिला ते माझ्याहून चांगलं जमत होतं.