केळीच्या देठाचे ठसे

लातूर जिल्हा झाला तेव्हा बाजारात पेढे वाटले होते. नवी ऑफिसं आली, साहेब आले, जीपगाड्या आल्या. चार वर्षांनी दुष्काळ आला तेव्हा कळलं, जिल्हा वेगळा झाला म्हणून आभाळ काही वेगळं मिळत नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाण्याचा कारभार माझ्याकडे होता. टँकरचं पाणी रांजणात भरायचं, वर झाकण, झाकणावर पाटा. कुणी तांब्या बुडवायला गेलं की मी हजर. पोरगा मला 'पाण्याची तहसीलदारीण' म्हणायचा. म्हणो बापडा. घरात लहान लेकरू होतं. तोंड गोड ठेवून दुष्काळ निघत नसतो.

लेकरू म्हणजे माझा नातू, बसवंत. त्याचं जावळ काढायचं ठरलं होतं. पहिले केस मामाच्या मांडीवर उतरायचे ही रीत. पण माझ्या सुनेला, उमादेवीला, सख्खा भाऊ नाही. आईही लहानपणीच गेलेली. मागं एकटे वडील, अर्धापूरचे गुरुलिंगअप्पा. म्हणून मामाच्या जागी आजोबांनीच बसायचं, हे लेकरू पाळण्यात होतं तेव्हापासून ठरलेलं.

आमच्या ईवायांची, म्हणजे या व्याह्यांची, केळीची बाग होती. हा माणूस घड खांद्यावर घेतल्याशिवाय कधी आमच्या दारात आला नाही. सोयरीक बोलायला आले तेव्हा घड, दिवाळीला घड, एकदा मी आजारी होते तर बघायलासुद्धा घड घेऊनच. मी चेष्टेनं म्हणायचे, ईवाई मागं राहतात, घड आधी येतो. त्या साली विहिरीनं तळ दाखवला. बाग जागेवर वाळायला लागली आणि शेवटी त्यांनी ती स्वतः कोयत्यानं तोडली.

जावळाचं बोलावणं घेऊन त्यांचा पुतण्या संगप्पा गेला होता. तो परत आला तो मान खाली घालून.

"काका येत न्हाईत," तो म्हणाला. "मोकळ्या खांद्यानं लेकीच्या दारात कसं जाऊ, म्हणाले."

"अगं बाई! मग बाजारातला घ्या म्हणावं एक घड," मी म्हणाले.

"तेच म्हणलो मावशी. तवा कुठं एवढं तरी बोलले. बाग तोडल्यापासून बोलतच न्हाईत. ताट पुढं ठेवलं तर बसून राहतात. दिवस दिवस बांधावर बसतात."

उमा भिंतीला टेकून ऐकत होती. संगप्पा चहा प्यायला आत गेला तशी ती मला म्हणाली, "आत्याबाई, अप्पा असेच गप राहिले तर मला न्हाई दिसायचे आता." तिचे डोळे कोरडे होते आणि मला त्याचंच भ्या वाटलं.

मग तिनं संगप्पाला विचारलं, "बागेत एखादी तरी केळ उभी हाय का?"

"हिरीपाशी एक हाय. पूजेला पानं लागतात म्हणून ठेवली."

"तिच्या पानांचे देठ आण मला. जाडजूड बघून आण. ओल्या पोत्यात गुंडाळून आण."

उमा चित्रकलेच्या परीक्षा पास झालेली. लग्नाच्या रुखवतात तिनं भेंडीच्या आणि दोडक्याच्या ठशांची भेटकार्डं मांडली होती, आणि आमच्या बायकांनी आधी लाडू कुठं आहेत ते विचारलं होतं. लेकराच्या फोटोंची एक वहीही ती करून राहिली होती. पानापानाला ठशांची वेलबुट्टी. मला ती रिकामटेकडी कामं वाटायची आणि मी तसं बोलूनही दाखवायचे.

देठ आले. उमानं दुकानातला जाड पुठ्ठा कापून कार्ड घडवलं, रंगाची पेटी काढली आणि माझ्याकडं पाणी मागितलं.

"दुष्काळात तेरावा महिना!" मी म्हणाले. "प्यायला वाटून घालावं लागतंय आन् तू रंगात कालवायला मागून राहिलीस?"

"एक वाटी द्या. माझ्या प्यायच्यातली द्या."

मी पाटा सरकवून वाटी भरून दिली. आणि वाटी कशी वापरते ते बघायला तिथंच बसले.

तिनं देठ विळीवर आडवा कापला. केळीच्या देठाचा काप चंद्रकोरीसारखा असतो, हे एवढी वर्षं केळीच्या पानावर जेवूनही मी कधी बघितलं नव्हतं. आतून सगळी जाळी. तिनं काप फडक्यावर टिपला, कुंचल्यानं त्याला पिवळा रंग लावला, कडेला जरा हिरवा, आणि कागदावर सरळ दाबून सरळ उचलला. जाळीसकट एक केळ कागदावर उमटलं. रंग न लावता तोच काप पुन्हा दाबला की फिकं केळ यायचं. ती फिकी केळी मागची, गडद पुढची. उन्हाच्या झळांनी रंग कापावरच वाळायचा. मग पाणी न घेता ती त्याच्यावर तोंडानं हा करून वाफ सोडायची आणि पटकन दाबायची. चिकाचे तपकिरी डागही कागदावर उतरले. ते तिनं तसेच राहू दिले. दांडा तिनं आधीच काळ्या शाईनं ओढून वाळवला होता. ती शाई पाणी लागलं तरी पसरणारी नव्हती. फण्यांवर फण्या चढल्या आणि घड झाला. वाटीत अर्धं पाणी उरलं होतं.

"उमा, पाठवू नको हे," मी म्हणाले. "ज्यानं बाग तोडली त्याला केळ्याचं चित्र? जखमेवर मीठ चोळायचं काम हाय."

"दुखू द्या," ती म्हणाली. "दुखलं तर बोलतील."

घडाखाली तिनं लिहिलं, 'अप्पा, आपल्या बागेतला घड पोचला. आता तुम्ही या.' संगप्पानं कार्ड नेलं. त्यानंतर अर्धापूरहून काहीच कळलं नाही.

जावळाच्या दिवशी न्हावी येऊन बसला. पाट मांडला. ऊन अंगणात आलं तरी ईवायांचा पत्ता नाही, संगप्पाचाही नाही. माझा पोरगा म्हणाला, दोस्ताला बसवू मामा म्हणून. उमानं लेकरू छातीशी धरलं आणि नाही म्हणून मान हलवली. मलाही राग आला, तिचा नव्हे, त्या माणसाचा. असलं कसलं दुःख, की लेकीचं तोंड दिसेना?

आणि ते आले. दाढी वाढलेली, धोतर धुळीनं भरलेलं, खांदा मोकळा. मी हात जोडून शरणार्थ म्हणाले, तेही त्यांना ऐकू आलं नाही. हातातलं कार्ड त्यांनी सरळ उमापुढं धरलं.

"हे काय करून ठेवलंस? फण्या उलट्या हायत."

आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला.

"केळीचा घड खाली लोंबतो, पर केळं वर बघतात. ही सगळी खाली बघून राहिलीत. माझी लेक असून? कुणाकुणाला दाखवलंस?"

"तुमालाच, अप्पा."

"मंग नीट कर."

"तुमी करा," उमा म्हणाली. तिनं रंगाची पेटी आणि पोत्यात जपून ठेवलेला एक देठ आधीच पायरीवर आणून ठेवला होता. तिनं नवा काप काढून रंग लावून दिला. त्या माणसानं अंगणात उकिडवं बसून कार्डाच्या मागच्या बाजूला एक फणी दाबली. वर बघणारी. ठसा जरा हलला. मी उमाकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चूक पकडली गेल्याचं काही दिसेना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. केळीत वाढलेल्या पोरीला फणीचं तोंड कुठं असतं ते ठाऊक नसेल होय? बापाला खोट काढल्याशिवाय राहवणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. या पोरीला मी रिकामटेकडी म्हणत होते!

"आणा त्याला," ईवाई म्हणाले आणि पाटावर बसले. बसवंत मांडीवर गेला तसा भोकाड पसरून रडायला लागला. न्हाव्यानं कात्री चालवली. मऊ केसांची पहिली बट त्यांच्या धोतरावर पडली. ते तिच्याकडं बघत राहिले. मग एकदम त्यांचा बांध फुटला.

"तोडली गं मी उमा. माझ्या हातानं तोडली. कच्चे घड होते तिला. एकेक केळ पडताना धप धप आवाज यायचा. अजून येतो."

"ठावं हाय, अप्पा," उमा त्यांच्याजवळ खाली बसत म्हणाली. "सांगा. सगळं सांगा."

न्हाव्यानं हात थांबवला. चारचौघांत, सोयऱ्यांच्या अंगणात, तो माणूस नातवाला पोटाशी धरून मोठमोठ्यानं रडला आणि रडता रडता बोलत राहिला. कोणत्या सरीतली केळ आधी वाळली, कोणती शेवटपर्यंत हिरवी होती, कोयता कुठून घातला, सगळं. लेकराचं अर्धं डोकं तसंच राहिलं होतं. आत भात निवत होता. त्या दिवशी आमच्याकडं जेवणं पार उन्हं कलल्यावर झाली, आणि मी कुणालाही घाई केली नाही.