औषध लावून आलेले भावोजी

वेलींना जाग यायला आधी कडक थंडी लागते; ती नावालाच पडायची, म्हणून छाटणीनंतर द्राक्षवेली जाग्याच होत नसत. कोंब फुटावेत यासाठी काडीवरच्या डोळ्याडोळ्याला, म्हणजे कोंब जिथून फुटतो त्या प्रत्येक जागेला, औषध लावावं लागे. ते काम वहिनीच्या दिरानं छाती ठोकून अंगावर घेतलं आणि संध्याकाळी “कमरेचा काटा ढिला झाला” म्हणत दारूचा पेला रिचवला. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

“भावोजी, ते औषध हाताळून वर दारू प्यायली की माणूस लालबुंद होतो. तुम्ही तर अगदी टवटवीत!”

दीर गडबडला. “हातमोजे घातले होते ना, वहिनी!”

वहिनीनं दोरीवरचे हातमोजे काढून त्याच्या मांडीवर टाकले.

“कालपासून इथेच वाळतायत. उद्या वेलींच्या आधी तुम्हालाच औषध लावते, म्हणजे जाग येईल.”