शेवटच्या धड्याची मांडी

माझी आई गाडी शिकवते. तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, पण तिचा हुकमी एक्का वेगळाच आहे. शेवटच्या धड्याला, रिकाम्या मैदानावर, ती सीटवर चक्क मांडी घालून बसते. म्हणजे ब्रेकला पाय पोचणारच नाही. बाईंचा आपल्यावर भरवसा आहे म्हटल्यावर शिकणारा गाडी अशी चालवतो, की यंव.

यंदा मात्र तिचा पाय ब्रेकवरून उठेचना. कुत्रं दिसलं की ब्रेक, पान उडालं की ब्रेक. एकदा हिरवा दिवा लागला आणि आई रडायलाच लागली. घरीही माझी वेणी वाकडी म्हणून भडका, मग उशीत तोंड. बाबा म्हणाले, "वय झालं की होतं असं." मामी म्हणाली, "पोरीची काळजी, दुसरं काय." घ्या, खापर माझ्याच डोक्यावर. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुम्ही काउंटरवर बसा."

काउंटरवर. माझी आई.

हे कधीपासून, ते मी आठवायला बसले. तांबीमुळे अंगावरून फार जायचं, म्हणून आईनं ती काढून हार्मोनवाली बसवली होती. त्यानंतरच हे सगळं.

"चल डॉक्टरांकडे."

"काय सांगू? रडू येतं म्हणून?"

"हो, तेच सांग."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाळीचा त्रास थांबला ना? मग झालं तर."

मी तोंड उघडणार, तोच आईनं माझा गुडघा दाबला. मला ब्रेक लावला आणि स्वतः सुरू झाली. "ब्रेक कधी दाबायचा, हे माझ्या पायाला आपोआप कळायचं. ही बसवल्यापासून कळत नाही. मला माझा पाय परत हवाय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मीच विचारायला हवं होतं. सगळ्यांना होत नाही, पण काहींना होतं. थोडे दिवस बघायचं की काढायची, तुम्ही ठरवा."

"काढा."

"मग पुढे काय वापरणार?"

"पुढचं हिचे बाबा बघतील. इतकी वर्षं मीच बघतेय."

मी हसू दाबायला खिडकीबाहेर बघितलं.

काही आठवड्यांनी एका निवृत्त हेडमास्तरांचा शेवटचा धडा होता. मी मागच्या सीटवर. मालक मैदानाच्या कडेला, हाताची घडी घालून. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग चपला काढल्याचा आवाज आला. आईचा एक पाय वर आला, पाठोपाठ दुसरा.

"अहो बाई, पाय खाली घ्या, मला भीती वाटते."

"मला नाही वाटत, सर. समोर बघा."

मालकांनी हाताची घडी सोडली. मी काच खाली करून त्यांना सांगितलं, "काका, काउंटरवर दुसरं कुणीतरी बघा."