सातव्या महिन्यात नवं नाव नको

सकाळी दहा वाजता घरमालकीण कांगबाईंनी पिशवीतून सहीऐवजी उठवायचा शिक्का काढला, नव्या भाडेकरारावरची तारीख वाचली आणि शिक्का परत पिशवीत टाकला.

"पंचांगातला सातवा महिना लागलाय. भुतं मोकळी सुटलीत, आणि आत्ता मी घरात नवं माणूस घेऊ? पुढच्या महिन्यात बघू."

तैपेईतल्या त्या इमारतीत पाचव्या मजल्यावर युन-रू आणि पेइ-शान भाड्याने राहत होत्या. पेइ-शानची काओशुंगला बदली झाली. तिच्या जागी करारात शू-ह्वाचं नाव घालायचं होतं. शू-ह्वा नर्स. तिचं वसतिगृह दुरुस्तीसाठी आजच रिकामं झालं होतं, आणि करारात नाव नसलेल्याला पहारेकरी राहू देत नाही. म्हणून कांगबाई, युन-रू आणि शू-ह्वा खाली त्याच्याच टेबलाशी उभ्या होत्या. शेजारी शू-ह्वाच्या बॅगा.

"काकू, मी रात्रपाळीवाली. मला बघून भुतंच पळतील."

"पळून माझ्याकडे आली तर?"

"मग मागची तारीख टाका ना!"

"त्यांना काय तारीख कळत नाही?"

पहारेकरी हसला. शू-ह्वाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो रजिस्टर चाळू लागला.

युन-रूला एक वाट सुचली. नव्या घरात आधी भाताचा कुकर नेऊन ठेवला की माणूस राहायला आलं असं धरतात. मुहूर्त साधायला सगळेच तसं करतात.

"काकू, हिचा कुकर मी गेल्याच महिन्यात वर नेलाय, तांदूळ घालून. म्हणजे ही सहाव्या महिन्यातच आली. आता नुसता कागद राहिलाय."

कांगबाईंना ते पटलं. शिक्का बाहेर आला. मग हात थांबला.

"गेल्या महिन्यात राहायला आली? मला न विचारता?"

"तसं नाही हो, फक्त कुकर..."

"आली असेल तर चोरून आली. नसेल तर पुढच्या महिन्यात ये. यातलं कोणतं खरं धरू?"



"रोज पेशंटना खाट शोधून देते मी," शू-ह्वा म्हणाली. "आणि मला एक मिळत नाही."

"मुलाला विचारून कळवते," म्हणत कांगबाई भाजी घ्यायला गेल्या.

युन-रूने दुपारी कांगबाईंना तीनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. संध्याकाळी सहाला शू-ह्वा कामावर गेली. तिच्या बॅगा टेबलाखाली होत्या. आपली पाळी आठला संपते, पुढचं आपल्याला विचारू नका, असं पहारेकऱ्याने युन-रूला बजावलं. करारावर अजून पेइ-शानचंच नाव आहे.