सात नंबरची हिरवळ

"बूट काढा साहेब, मग या," उत्तरेश्वर म्हणाला, आणि नकाशा घेऊन आलेला बिल्डरचा इंजिनियर सलिल हिरवळीच्या कडेला एका पायावर अडखळला.

"काका, मैदान बंद पडून तीन वर्षं झाली. आता हे कुणासाठी?"

"गवताला कुठं म्हाईत हाय बंद पडलंय ते?"

सलिल हसला, पण त्यानं बूट काढले.

हडपसरच्या मागच्या माळावर एका कारखान्याच्या साहेबांनी हे गोल्फचं मैदान केलं, तेव्हा उत्तरेश्वर तुळजापूरकडून नुकताच आलेला. चेंडू ज्या भोकात पाडायचा त्याच्या भोवतीची हिरवळ सतरंजीसारखी सपाट ठेवायची, हे त्याचं काम. अशा नऊ हिरवळी त्यानं तीस वर्षं सांभाळल्या. खेळला मात्र एकदाही नाही. कुणी विचारलंच नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही त्या खेळात काही राम वाटत नसे. एवढासा चेंडू आणि त्याच्यामागे एवढाली माणसं! गवत मात्र त्याचं जीव की प्राण.

मग कारखाना बसला, साहेब पांगले, आसपास आयटीच्या काचेच्या इमारती उठल्या आणि मैदान बिल्डरकडे गेलं. उत्तरेश्वरला त्यानं राखणदार म्हणून ठेवून घेतलं. आठ हिरवळींवर गाजरगवत कमरेइतकं माजलं. सातवी राहिली ती बिल्डरनं फाटकावर लावलेल्या चित्रामुळे. सहा टोलेजंग इमारती, मधोमध वाटोळी हिरवळ, एका बाजूनं जराशी आत दबलेली. अरे, ही तर आपली सात नंबर! म्हणजे हिला ठेवणार. त्या दिवसापासून तो विहिरीचं पाणी कळशीनं आणून तिला घालत होता.

"एक नळ इथवर आणून द्या साहेब," तो आता म्हणाला. "बांधकामाची धूळ बसंल तिच्यावर. चित्रात दिसती तशी ऱ्हायला पायजे ना."

सलिलनं नकाशाची घडी केली, पुन्हा उघडली.

"काका, चित्रातलं लॉन दुसऱ्या मजल्यावर आहे. पार्किंगच्या स्लॅबवर. तिथं प्लॅस्टिकचं गवत अंथरणार. इथं बेसमेंट येतंय. उद्या खोदाई इथूनच सुरू होईल."

"पर हिचा बाक बराबर आलाय चित्रात."

"आम्ही सगळ्या साइटला तेच चित्र लावतो हो," सलिल म्हणाला.

उत्तरेश्वर घरी येऊन भिंतीला टेकून बसला. बायकोनं, विमलाबाईनं, भाकरी वाढली, तरी हात ताटाकडे जाईना.

"त्यांनी सांगितलं वाटतं," ती म्हणाली.

"तुला म्हाईत होतं?"

"चार म्हैने झाले. बिल्डरच्या हापिसात झाडताना ऐकलं."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"सांगितलं असतं तर पाणी घालायचं थांबला असता का?"

उत्तरेश्वरनं विचार केला. "न्हाई," तो म्हणाला.

"मग? जेवा आता."

त्याला तिचा राग आला नाही. चार महिने रोज पहाटे कळशी भरायला मदत करणारी हीच होती.

सकाळी जेसीबी आला तेव्हा उत्तरेश्वर हिरवळीवर अनवाणी उभा होता. हातात दोन पुरुष लांबीचा बांबू. गवतावर बांबू अलगद फिरवून तो दव झाडत होता. दव तसंच राहिलं तर गवताला रोग लागतो. बांबू फिरे तिथून हिरवा पट्टा उजळत जाई. विमलाबाई कडेला दोघांच्या चपला घेऊन उभी होती.

जेसीबीवाल्यानं तोंड बाहेर काढलं. "काका, काय चाललंय? आत्ता उखडायचंय हे."

"ठावं हाय."

"मग?"

"एवढा कोपरा ऱ्हायलाय," उत्तरेश्वर म्हणाला.

जेसीबीवाल्यानं एकदा त्याच्याकडे, एकदा विमलाबाईकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.